एका माणसाची एकच नोंद

गल्लीत तिला सगळे टाचणी म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती, पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नसे. शिलाई मशीनच्या दुकानात टाचणी लागतेच, असं ती नवऱ्याला सुनवायची. दिसायला किरकोळ, आवाज बारीक, आणि बोलणं असं की ज्याला टोचलं त्याला ते घरी पोचल्यावर कळावं.

लग्नाआधी ती औषधांच्या एका गोदामात बिलं टाइप करायची. सासरी आली तेव्हा दुकानाच्या गिऱ्हाइकांची नावं जुन्या बिलबुकांत, कॅलेंडरांच्या पाठीवर आणि अर्धीअधिक सासऱ्यांच्या डोक्यात होती. तिनं ती एकेक करून कॉम्प्युटरवर आणली. लोकांकडून ईमेलचे पत्ते मागून घेतले आणि दर महिन्याला दुकानाकडून मेल पाठवायला सुरुवात केली. मशीनला तेल कधी घालायचं, सुई कधी बदलायची, सर्व्हिसिंगची वेळ कशी ओळखायची. मजकूर ती स्वतः लिहायची. लोक ते वाचून मशीन घेऊन यायचे. मागच्या खोलीत तिच्या नवऱ्याची दुरुस्ती जोरात चालायची. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या थोरल्या सूनबाईंनी दुकानाला जीभ दिली." हे वाक्य टाचणीनं दागिन्यासारखं जपलं होतं.

मग धाकटी आली. धाकट्या दिराची बायको. शिवणात हात सोन्याचा, हसणं मोकळं, आणि पाच मिनिटांत कोणालाही आपलंसं करण्याची कला. तिनं दुकानावरच्या मजल्यावर शिवणाचे वर्ग सुरू केले आणि बघता बघता जिन्यावर चपलांचा खच पडू लागला. सासरे म्हणू लागले, "थोरलीनं जीभ दिली, धाकटीनं हात दिले. जीभ काय, सगळ्यांनाच असते."

त्यांनी ते गमतीत म्हटलं असेल. पण टाचणीच्या जिव्हारी लागलं. जावा जावा अन् उभा दावा म्हणतात. इथे तो दावा बसायला कधी तयारच झाला नाही. कोणी कोणाचा कप विसळला नाही, कोणी कोणाच्या माहेरचं माणूस आलं तेव्हा तोंड फिरवलं, अशा बारीकसारीक गोष्टींनी घर आंबत गेलं. शेवटी भाऊही एकमेकांशी तुटक बोलू लागले, तेव्हा सासऱ्यांनी वाटणी केली. खालचं दुकान, मशीन आणि दुरुस्ती थोरल्याची. वरचे वर्ग, कापड, दोरे, बटणं धाकट्याची. फक्त एक गोष्ट त्यांनी वाटली नाही, ती म्हणजे गिऱ्हाइकांची यादी.

"गिऱ्हाईक म्हणजे काय भाकरी आहे, मोडून अर्धी अर्धी घ्यायला?" ते म्हणाले. "यादी एक, मेलचं खातं एक. दोघींनी मिळून बघायचं."

एकमेकींना पाणीसुद्धा न विचारणाऱ्या दोन बायकांच्या हातात त्यांनी एकच किल्ली दिली.

दुकानाच्या प्रत्येक मेलच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असे: काय हवं, काय नको, ते इथे सांगा. तिच्यावर बोट ठेवलं की एक पान उघडायचं. त्यावर सर्व्हिसिंगची आठवण, नवा माल, शिवणाचे वर्ग आणि शेवटी 'काहीच नको' असे पर्याय होते. ज्याला जे हवं त्यासमोर त्यानं खूण करायची. पान टाचणीनं बनवलं होतं. त्यात वर्गांची ओळ इतरांपेक्षा लहान अक्षरांत कशी आली, हे धाकटीनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "जागा पुरली नाही."

धाकटीचीही खोड होतीच. वर्गाला नवी बाई आली की ती यादीत आधीपासून आहे का, हे न बघता धाकटी सरळ नवी नोंद करायची. त्यामुळे एकच बाई खाली नवऱ्याच्या आडनावानं आणि ऑफिसच्या पत्त्यानं, तर वर लाडक्या नावानं आणि घरच्या पत्त्यानं नांदत असे. तिनं एका मेलवरून 'काहीच नको' म्हटलं की ती एक नोंद गप्प व्हायची, दुसरी बडबडत राहायची. लोक फोन करून विचारायचे, "अहो, नको म्हणून सांगितलं, तरी कसं येतंय?" ते फोन टाचणीलाच घ्यावे लागायचे, कारण दुकानाचा फोन खाली होता.

एका दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं. मागच्या खोलीतून नवऱ्याच्या कानशीचा आवाज येत होता. टाचणी दुहेरी नोंदी जोडायला बसली. काम रास्तच होतं. दोन नोंदी शेजारी शेजारी दिसायच्या, एक केल्या की कॉम्प्युटर विचारायचा, कोणत्या नोंदीची पसंती ठेवू? पहिल्या काही नोंदी तिनं प्रामाणिकपणे जोडल्या. मग धाकटीच्या एका लाडक्या विद्यार्थिनीचं नाव समोर आलं. टाचणीनं सर्व्हिसिंगसमोर 'हवं' ठेवलं आणि वर्गांसमोर 'नको' केलं. क्षणभर बोट थांबलं. ही यादी जमवली कोणी, असं तिनं स्वतःलाच विचारलं, आणि उत्तर आवडलं म्हणून पुढची नोंद घेतली. नंतर तिचा हात असा सुटला, जसा उतारावर लागलेला गाडा.

धाकटीच्या पुढच्या वर्गाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. तिला आधी वाटलं, लोकांना सवड नसेल. मग तिची मावशी एकदा भेटली आणि रुसून म्हणाली, "मला मेल पाठवायचं का बंद केलंस गं? काही चुकलं का माझं?" धाकटीनं यादी उघडली. मावशीच्या नावासमोर लिहिलं होतं, वर्ग: नको.

ती जिना उतरून सरळ खाली आली. टाचणी पावत्यांवर शिक्के मारत होती.

"जाऊबाई, माझ्या मावशीनं वर्गांचे मेल नकोत असं तुम्हाला कधी सांगितलं?"

"मला कशाला सांगेल? कॉम्प्युटरला सांगितलं असेल."

"तिला फोनवर चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही. ती कुठल्या पानावर जाऊन खुणा करणार?"

"मग शिकव तिला. वर्ग घेतेस ना तू?"

धाकटी जिन्याकडे वळली. ती भांडली असती तर टाचणीला बरं वाटलं असतं. ती नुसती वर गेली.

वाटणीच्या आधीची संपूर्ण यादी धाकटीच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेली होती. तीच तिनं जशीच्या तशी पुन्हा खात्यात चढवली. कॉम्प्युटरनं विचारलं, लोकांच्या आत्ताच्या पसंती पुसून जुन्या ठेवायच्या का? तिनं हो म्हटलं. आपण ते नीट वाचलं नव्हतं असं ती पुढे एकदा म्हणाली, आणि दुसऱ्यांदा म्हणाली की वाचलं होतं, मग काय. टाचणीनं लिहिलेली खोटी नकारघंटा तर पुसली गेलीच, पण ज्यांनी मधल्या काळात खरोखर 'नको' म्हटलं होतं तेही सगळे पुन्हा जागे झाले. ज्यांच्या पत्त्यात एखाद्या अक्षराचा फरक होता, त्यांना जुळी भावंडं झाली. त्याच सकाळी धाकटीनं झाडून सगळ्यांना वर्गांचा मेल पाठवला. टाचणीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं त्याच दिवशी, नेहमीप्रमाणे, सर्व्हिसिंगच्या आठवणी सोडल्या.

दुकानाच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक म्हणजे कोटवाले काका. आयुष्यभर त्यांनी फक्त कोट शिवले. त्यांचं मशीन सासऱ्यांनी स्वतः जोडून दिलेलं. काका आदल्या वर्षी वारले. त्यांच्या नावाच्या चार नोंदी होत्या, कारण दुकान बदललं, फोन बदलला, तसा ते दर वेळी नवा पत्ता देत. काकूंनी चारही मेलच्या तळाशी जाऊन 'काहीच नको' केलं होतं आणि शिवाय फोनही केला होता. टाचणीनं तेव्हा आपल्या हातानं खात्री करून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी काकू दुकानात आल्या. दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. काकूंनी फोन काचेच्या कपाटावर ठेवला.

"वाच."

टाचणीनं वाचलं. तिचा चेहरा उतरला.

"मनात नको. मोठ्यानं वाच."

"काकू, आत बसून बोलू या का?"

"मी बसायला आलेली नाही. वाच."

टाचणी वाचू लागली. मजकूर तिचाच होता, तिच्या लाडक्या मजकुरांपैकी एक. "कोटवाले काका, बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत. तुमचं मशीन तुमची वाट बघतंय."

"खाली अजून एक आहे."

खाली वर्गांचा मेल होता. "हात रिकामे आहेत? या, मिळून काहीतरी शिवू या." असे चारही पत्त्यांवर दोन-दोन मेल आले होते. काका गेल्यावर त्यांचं सगळं टपाल काकूंच्याच फोनवर येत होतं.

"त्यांना कुठे पाठवू, तेवढं सांग," काकू म्हणाल्या.

टाचणीच्या तोंडून पहिली गोष्ट निघाली ती ही: "हे वरून झालंय. मी काकांचं नाव यादीतून काढलं होतं." आणि तिनं जिन्याकडे तोंड करून धाकटीला हाक मारली. धाकटी आली, फोन बघितला आणि तिचंही तोंड पडलं, पण जाऊ समोर असताना ते कबूल कोण करणार.

"सर्व्हिसिंगचे मेल मी लिहीत नाही," ती म्हणाली.

"यादी कोणी चढवली?"

"चढवायची वेळ कोणी आणली? माझ्या बायकांच्या नावापुढे खोटं लिहिलं कोणी?"

"खोटं कोण बोलतंय ते या सगळ्यांसमोर बोलू का मी?"

गिऱ्हाइकं हातातल्या बॉबिनी न्याहाळू लागली. मागच्या खोलीतला कानशीचा आवाज थांबला. काकूंनी एकदा थोरलीकडे बघितलं, एकदा धाकटीकडे.

"तुमचं घर फुटलंय ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्या काचा माझ्या घरात कशाला फेकता?"

फोन उचलून त्या बाहेर पडल्या. गल्लीतल्या प्रत्येक शिंप्याच्या उंबऱ्याशी थांबून त्यांनी एकच सांगितलं: या दुकानाचा मेल आला की 'स्पॅम' म्हणून कळवा. शिंप्यांनी ऐकलं. आणि ज्यांनी मधल्या काळात 'नको' म्हटलं होतं आणि तरी मेल आले, त्यांना कोणी सांगायचीही गरज नव्हती. इतक्या तक्रारी गेल्यावर मेल पाठवणाऱ्या कंपनीनं दुकानाचं खातं बंद केलं. यादी साफ करा, ज्यांनी नको म्हटलंय त्यांना वगळा, मग विचार करू, असं कळवलं.

सर्व्हिसिंगला येणारी मशीनं कमी झाली. वर्गांत नवं तोंड दिसेना. तेव्हा सासऱ्यांनी दोघींना दुरुस्तीच्या खोलीत एका टेबलाशी बसवलं. मधे कॉम्प्युटर.

"भांडायचं तर भांडा," ते म्हणाले, "पण बोटं थांबता कामा नयेत."

दोघी भांडल्या आणि बोटंही चालली. कोणती नोंद खरी, कोणाचं आडनाव कसं लिहायचं, एका टिंबाचा फरक म्हणजे वेगळा माणूस की तोच, प्रत्येक गोष्टीवर शब्द वाजले. पण खरी गाडी अडली ती एका प्रश्नाशी. एकाच माणसाच्या दोन नोंदी, एकीत 'हवं', एकीत 'नको'. ठेवायचं काय?

"जे शेवटी सांगितलं ते," टाचणी म्हणाली.

"शेवटचं तुम्हीच लिहिलंय."

"आणि त्याच्यावर तू बोळा फिरवलास."

मग धाकटी म्हणाली, "कुठेही एकदा 'नको' दिसलं की नकोच. आपल्याला त्यांच्या मनातलं कळत नाही, तर गप्प बसायचं."

गोष्ट बरोबर होती, आणि धाकटीच्या तोंडून आली म्हणून टाचणीला ती गिळवेना. तिनं हिशेब करून बघितला. अशानं यादी बरीच आटणार होती.

"तुझ्याही बायका जातील," ती म्हणाली.

"जाऊ देत. तुमची मशीनंही जातायत ना?"

टाचणीनं मान डोलावली. आपलं गेलं तरी चालेल, हिचं जातंय ना, या एका गोष्टीवर त्या दोघींचं बऱ्याच वर्षांनी एकमत झालं. लोकांचं भलं झालं ते असं, दोघींच्या दुष्टाव्यातून.

मात्र धाकटीनं एक अट घातली. टाचणीनं खोटे 'नको' लिहिलेली माणसं या नियमात धरायची नाहीत. ती कोणती, हे टाचणीनं तोंडानं सांगायचं आणि त्यांना धाकटीसमोर बसून फोन करायचा. टाचणीनं नवऱ्याकडे बघितलं. तो तेलाचा डबा शोधण्यात गुंतला होता.

तिनं नावं सांगितली. विसरली नव्हती, एकही. आणि मग आपल्या बारीक आवाजात एकेकीला फोन लावला. "नमस्कार. शिवणाच्या वर्गांचे मेल तुम्हाला नकोच असतील ना?"

"असं नाही विचारायचं," धाकटी शेजारून म्हणाली. "हवेत का, असं विचारा. आणि जरा हसून."

"हसायचं ठरलं नव्हतं."

पण तिनं प्रश्न बदलला. ज्या जावेचे वर्ग बंद पाडायला निघाली होती, त्याच वर्गांची जाहिरात ती त्या दिवशी घसा बसेपर्यंत करत राहिली. बहुतेक बायका हो म्हणाल्या. दर वेळी धाकटी काही न बोलता 'हवे' अशी खूण करायची, आणि ते न बोलणं टाचणीला चपराकीसारखं लागायचं. तिनं बदल्यात एकच मागितलं: मावशीला फोन धाकटीनं करावा. धाकटी म्हणाली, "छे, मावशीशी तुम्हीच बोला. तिला फार आवडेल." मावशी फोनवर बराच वेळ रडली आणि टाचणीला ऐकून घ्यावं लागलं.

यादी साफ झाल्यावर सासरे म्हणाले, कोटवाल्यांकडे दोघींनी जायचं. दोघी गेल्या, एक रस्त्याच्या या कडेनं, एक त्या कडेनं. काकूंनी दार उघडलं, पण बाजूला झाल्या नाहीत. त्यांच्या खांद्यावरून आत काकांचं मशीन दिसत होतं, वर झाकण घातलेलं.

"काकू, चुकलं आमचं," धाकटी म्हणाली.

"चारही नोंदींची एक केली," टाचणी म्हणाली. "आणि ती बंद केली. आता काही येणार नाही."

"एक तरी कशाला ठेवलीत? पुसून टाका."

"पुसली तर पुन्हा कोणी जुनी यादी चढवली की नाव परत उभं राहील. आता 'नको'ला कुलूप घातलंय, जुनी यादी चढवली तरी ते पुसलं जात नाही, नाव दाराशीच अडतं."

काकूंनी दारावर हात ठेवला. "म्हणजे त्यांचं नाव तुमच्याकडे राहणार."

"राहणार. पण त्या नावानं कोणी हाक मारणार नाही."

हे ऐकून काकू विरघळतील असं धाकटीला वाटलं असावं, कारण ती अर्धं पाऊल पुढे सरकली. काकूंनी दारावरचा हात काढला नाही.

"मशीनला तेल घालायची वेळ झाली की मला कळेल," त्या म्हणाल्या. "मला पाय आहेत, मी येईन. तुम्ही यायचं नाही." आणि दार लावून घेतलं.

दोघी आल्या तशाच परत गेल्या.

खातं पुन्हा सुरू झालं. पानावर सगळ्या ओळी एकाच मापाच्या अक्षरांत आल्या, कारण धाकटीनं पट्टी लावून मापल्या. यादी निम्मी उरली, पण मेल पाठवला की शिव्यांचे फोन येत नसत, आणि येणारे लोक खरोखर यायचे. काकूही एकदा मशीन हातगाडीवर घालून घेऊन आल्या. टाचणीच्या नवऱ्याशी बोलल्या, टाचणीशी नाही.

जावांचं म्हणाल तर तोंडी व्यवहार संपलाच. पुढे धाकट्यानं वर्ग पलीकडच्या गल्लीत नेले, तरी यादी सासऱ्यांच्या हुकमानं एकच राहिली. प्रत्येक नोंदीखाली शेरा लिहायला एक रकाना होता. दोघी त्यातच एकमेकींना काय ते सुनवू लागल्या. 'ही बाई गाव सोडून गेली, तुम्हाला कोणी सांगत नाही वाटतं.' 'फोन नंबरात एक आकडा जास्त आहे, बोटं आवरा.' गिऱ्हाइकांना हे रकाने दिसत नसत, ही देवाची कृपा.

परवा टाचणीला एकाच पत्त्यावर दोन नोंदी सापडल्या, आडनावही एकच. तिला मनापासून आनंद झाला. तिनं खाली लिहिलं: 'एका माणसाची एकच नोंद, हा नियम तुझ्यासमोरच ठरला होता. डोळे उघडे ठेवून टाकत जा.'

संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. 'उघडेच होते. नणंद-भावजय आहेत, दोघींत मिळून एकच ईमेल. एकीला वर्ग हवेत, एकीला सर्व्हिसिंग. जोडाल तर एकीचं जाईल.'

टाचणीनं त्या घरी फोन लावून खात्री करून घेतली. एकीनं फोन उचलला आणि दुसरीला हाक मारली. खरंच दोघी होत्या. त्या दिवशी टाचणी नवऱ्याशी, सासऱ्यांशी, गिऱ्हाइकांशी, कोणाशीच धड बोलली नाही. नोंदी मात्र तिनं वेगळ्याच ठेवल्या.